डबल बास: वाजवणाऱ्यांचे उद्योग आणि वाद्याच्या खोड्या

खर्जातला

उस्ताद झाकीर हुसेन, राकेश चौरसिया, बेला फ्लेक आणि एडगर मेयर या चौघांना फेब्रुवारी २०२४मध्ये दोन ग्रॅमी मिळाली. तबला-बासरीवर सगळीकडे भरभरून लिहून आलं, मेयर यांच्या डबल बासवर जेमतेम दोन ओळी. हे वाद्य वाजवून पोट भरणारा माणूस दिवसभर करतो काय, त्याला काय काय यावं लागतं, आणि या जमातीत इतके छंदिष्ट का निघतात, यासाठी हा धागा. किस्से नकोत, कामाचं लिहा.

सुरुवात माझ्याकडून. चार तारा, खालून वर मी, ला, रे, सोल; दोन शेजारच्या तारांत षड्ज-मध्यमाचं अंतर. व्हायोलिन, व्हियोला, चेलो तिघांत षड्ज-पंचमाचं असतं, इथे तसं चालत नाही. कारण साधं आहे. तारेची लांबी १०४ ते १०६ सेंमी. १०५ सेंमीच्या तारेवर पहिला अर्धस्वर ५.९ सेंमीवर आणि पूर्ण स्वर ११.५ सेंमीवर पडतो. व्हायोलिनवर तोच पूर्ण स्वर साडेतीन सेंमीत येतो. म्हणजे खालच्या जागी सगळा पंजा ताणून जेमतेम एक पूर्ण स्वर हाताखाली. पंचमात तारा लावल्या तर साध्या सप्तकासाठी हात सतत वर-खाली धावेल. पंचमात लावणारे आहेत, पण थोडे.

सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे हवेतली एक लाट आठ मीटरहून लांब. त्या हिशेबाने पेटी कितीतरी मोठी हवी होती. ती माणसाला उचलता यावी म्हणून लहान ठेवली आणि तारा जाड केल्या. पुढच्या सगळ्या कटकटी या तडजोडीतून येतात.

तिरकी_घोडी

छान विषय. पहिलं लिहायला हवं ते हे की धंदेवाईक बासवाला अर्धा सुतार असतो. नसेल तर त्याला व्हावं लागतं, कारण प्रत्येक शहरात बास दुरुस्त करणारा मिळत नाही.

रोज बघायची गोष्ट घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती उभी लाकडी पट्टी. तार सुरात चढवताना दर वेळी घोडीचं डोकं फिंगरबोर्डकडे (बोटं दाबायच्या पट्टीकडे) थोडं थोडं ओढलं जातं. महिनाभर लक्ष दिलं नाही तर ती पुढे वाकते, वाकलेलीच राहते, आणि एक दिवस आडवी होते. तिची शेपटीकडची बाजू पेटीच्या पाटाला (समोरच्या फळीला) काटकोनात हवी. सरळ करताना तारा किंचित सैल करायच्या, दोन्ही हातांचे अंगठे वरच्या कडेला, बोटं मागून, आणि अगदी मिलिमीटरभर सरकवायचं. खाचांत शिसपेन्सिल घासून ठेवली तर तार अडकत नाही आणि घोडी ओढलीही जात नाही.

तारांची उंची फिंगरबोर्डच्या टोकाशी मोजतात. बो (गज) जोरात चालवणाऱ्या ऑर्केस्ट्रावाल्याला साधारण सोल ६ ते ८ मिमी, मी ९ ते ११. बोटाने छेडणाऱ्या जाझवाल्याला सोल ४-५ पुरते. दोन्ही कामं करणारा मधेच कुठेतरी थांबतो आणि दोन्हीकडे कुरकुरतो. म्हणून घोडीच्या पायांत फिरकीचे ऍडजस्टर बसवून घेतात. बऱ्याच ऍडजस्टरचा एक पूर्ण फेरा म्हणजे सव्वा मिमी. दोन्ही पाय सारखे फिरवायचे. एकच फिरवला की दुसरा पाय पाटावर अर्धवट टेकतो आणि आवाज बसतो.

आत साउंडपोस्ट, म्हणजे स्प्रूसचा १७ ते १९ मिमी जाडीचा गोल दांडा. सोल तारेकडच्या पायाच्या किंचित मागे, पाट आणि पाठ यांच्यात नुसत्या दाबाने उभा. डिंक अजिबात नाही. चारही तारा एकदम काढल्या की तो पडतो, आणि मग ‘वाद्याचा आवाजच गेला’ म्हणून फोन येतात. तारा बदलायच्या तर एकेक करून. एका स्टीलच्या तारेवर २५ ते ३० किलोचा ताण असतो. चार तारांचा मिळून शंभर किलोहून जास्त ताण एकदम उतरवला तर पाटही हलतो.

मांडवीकाठ

तिरकी_घोडी, आमच्या गोव्यात पावसाळ्यात तारा आपोआप वर जातात आणि जानेवारीत घरंगळल्यासारख्या खाली येऊन खरखरतात. हे नेमकं काय होतं? आणि एसी हॉलचं काय करायचं?

तिरकी_घोडी

लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. पाट दोन्ही कडांना डिंकाने धरलेला असतो, त्यामुळे फुगल्यावर त्याला जागा फक्त वर असते. कमान उचलली जाते, घोडी वर, तारा वर. कोरड्या हवेत उलटं. म्हणून ऍडजस्टर नसलेल्या वाद्याला काही जण दोन घोड्या बनवून घेतात, एक पावसाळी, एक कोरड्या दिवसांची. काही कारागीर दोन साउंडपोस्टही देतात, कारण जुलैत बरोबर बसणारा दांडा जानेवारीत घट्ट होतो.

वाद्याला ४५ ते ६० टक्के आर्द्रता मानवते. किनाऱ्यावर जुलैत ८५-९० असते आणि एसी हॉलमध्ये पन्नासच्या खाली. दमट खोलीतून थेट थंड हॉलमध्ये नेऊन खोळ उघडली तर पाटाची वरची बाजू आधी सुकते, आतली मागाहून. तडा तेव्हा जातो. उपाय एकच, कंटाळवाणा आहे: हॉलमध्ये पोचल्यावर खोळ अर्धा-पाऊण तास बंदच ठेवायची, मग चेन उघडून वाद्य आतच राहू द्यायचं, मग बाहेर. ज्या खोलीत बास ठेवता तिथे आर्द्रतामापक टांगा, दोनशे-तीनशे रुपयांचाही चालतो. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

पाट आणि कडा सरसाने जोडलेल्या असतात, तो मुद्दाम कमजोर ठेवतात. हवा बिघडली की लाकूड फाटण्याआधी सांधा सुटावा, हा हेतू. सांधा सुटणं ही दुर्घटना नाही, तासाभराचं काम आहे. शोधायचं कसं: बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करत जा. भरीव ‘टक’ची जागा सोडून जिथे पोकळ ‘टर्र’ येईल तिथे सुटलाय. त्यात फेव्हिकॉल मात्र भरू नका, हात जोडून सांगतो. पुढच्या वेळी सांधा सुटणार नाही, पाट फाटेल.

राळबंद

पावसाळ्यात बोचंही बघा. घोड्याचे केस दमट हवेत लांबतात. स्क्रू शेवटपर्यंत पिळला तरी बो ताणलाच जात नाही. केस नव्याने भरून घेताना कारागिराला ‘पावसासाठी किंचित आखूड’ सांगायचं. उलट, दमट गावात भरलेला बो डिसेंबरात दिल्लीला नेला आणि ताण न उतरवता पेटीत ठेवला तर केस आखडतात आणि टोक मोडू शकतं. वाजवून झालं की स्क्रू सैल, ही सवय झोपेतही सुटता कामा नये.

राळेबद्दल (बोच्या केसांना तार पकडता यावी म्हणून लावतात ती): बासची राळ व्हायोलिनच्या राळेपेक्षा खूप मऊ असते. पॉप्स नावाची अमेरिकन राळ मुंबईच्या मे महिन्यात डबीतून लोणच्याच्या तेलासारखी ओघळते. गाडीत ठेवली तर पेटीच काळी करते. उकाड्यात कार्लसन किंवा नीमन या स्वीडिश राळा बऱ्या, कडक असतात. थंड प्रदेशात त्याच घसरतात, तिथे पॉप्स हवी. लावायची एकाच दिशेने, मुठीकडून टोकाकडे, तीन-चार सावकाश ओढी. मऊ राळेवर पुढे-मागे घासलं की केसांत गोळे होतात.

खर्जातला

फ्रेंच की जर्मन?

राळबंद

झालं, आता धागा शंभरी गाठणार :)

फ्रेंच बो चेलोसारखा वरून धरतात. जर्मन बोची मूठ उंच, तळवा खालून. जर्मन पकडीत दंडाचं वजन तारेवर सहज पडतं, लांब खर्जाचे स्वर कमी दमात निघतात. फ्रेंच पकडीत उड्या मारणारे स्वर सोपे. वजन दोन्हीचं १३० ते १४५ ग्रॅमच्या पट्ट्यात. व्हिएन्ना-बर्लिनकडे जर्मन, पॅरिसकडे फ्रेंच. अमेरिकेत एकाच रांगेत दोन्ही दिसतात. ऐकणाऱ्याला फरक कळतो असं म्हणणाऱ्याला डोळे मिटून ओळखायला सांगा.

मी_ते_सोल

सराव आणि ऑडिशनवर लिहितो. सोलो कॉन्चेर्टो कितीही छान वाजवलात तरी नोकरी ऑर्केस्ट्रातल्या उताऱ्यांवर मिळते. बीथोवनच्या पाचव्या सिंफनीच्या तिसऱ्या भागातला त्रिओ (मधला तुकडा) जवळजवळ प्रत्येक यादीत असतो. बीथोवनने लय मिनिटाला ९६ मात्रा दिली, एका मात्रेत सहा स्वर. सेकंदाला साडेनऊहून जास्त. इतक्या जाड तारांवर. बहुतेकांची चूक डाव्या हातात नसतेच. उजवा हात तार बदलताना उशिरा पोचतो आणि पहिला स्वर गिळला जातो. त्यामुळे डाव्या हाताने काही न दाबता, मोकळ्या तारांवर, फक्त बोचा मार्ग आधी बसवायचा. मग मिनिटाला ६० मात्रांपासून चार-चारने वर.

माहलरच्या पहिल्या सिंफनीचा तिसरा भाग याच्या उलट. मागे फक्त टिंपनी (मोठे नगारे), आणि एकट्या बासने अगदी हळू, वरच्या जागी एक सोपी चाल वाजवायची. सोपी आहे म्हणूनच जीव जातो. हात थरथरला तर बो तारेवरून सुटतो. दम रोखून धरू नका, सुरुवातीलाच सोडा. सरावाला तानपुरा लावा, ऍपमधलाही चालेल. ‘रे’चा षड्ज धरून हा उतारा घोळवला की कोमल गंधार कुठे ढिला पडतो ते लगेच कळतं. आपल्याकडच्या माणसाला हा फायदा फुकटात मिळालाय, परदेशी विद्यार्थी आता हेच ‘ड्रोन’ म्हणून करतात.

सूर जुळवण्याची रीत, नव्यांसाठी: शेजारच्या दोन तारांपैकी खालच्या तारेला पाव लांबीवर आणि वरच्या तारेला एक तृतीयांश लांबीवर नुसता स्पर्श करून वाजवा. दोन्हीकडून एकच उंच स्वर आला पाहिजे. मोकळ्या तारा ऐकून जुळवायला जाऊ नका. इतक्या खालच्या स्वरांत कान फसतो.

बोटं: सिमांडलच्या जुन्या व्हिएन्नी पद्धतीत पहिलं, दुसरं आणि चौथं, तिसरं बोट चौथ्याला आधार देतं. अर्ध्या तारेच्या पुढे अंगठा फिंगरबोर्डवर येतो. उभं राहून वाजवणाऱ्याने पिनची (वाद्याच्या तळाच्या टेकूची) उंची अशी ठेवावी की तारांचा वरचा खाचापट्टा साधारण कपाळाशी येईल. यापेक्षा खाली ठेवला तर पाठ वाकते, वर ठेवला तर डावा खांदा. खांद्याचं दुखणं या धंद्यात फार, आणि सहसा चुकीच्या उंचीपासून सुरू होतं.

हो, आणि कान. बासच्या रांगेजवळ बऱ्याचदा पितळी वाद्यं किंवा टिंपनी असतात. १५ डेसिबलचे संगीतकारांसाठीचे इअरप्लग घ्या. कापसाचे बोळे फक्त वरचे स्वर खातात, खालचा दणका तसाच आत येतो.

वाकडी_वाट

नेण्या-आणण्याचं कुणीच लिहिलं नाही!

गाडीत: मागच्या सीटा पाडायच्या, पिन पूर्ण आत, बास कुशीवर, मान पुढच्या दोन सीटांच्या मधून. घोडीवर भार कधीच नाही. पिनच्या जागी चाक बसवणारे खूप आहेत. सपाट फरशीवर उत्तम. खड्ड्यांच्या रस्त्यावर प्रत्येक हादरा थेट खालच्या ठोकळ्याला बसतो, तो सैल होतो आणि साउंडपोस्ट सरकतो. फूटपाथची कड आली की उचलायचं.

विमानात: वाद्य दहा-बारा किलोचंच, पण कडक पेटीसकट चाळीसच्या पुढे जातं. बऱ्याच विमान कंपन्या एका डागाला ३२ किलोच्या वर घेत नाहीत. तिकीट काढण्याआधी लांबी-रुंदी-वजन लेखी कळवून लेखी होकार घ्यायचा आणि तो कागद काउंटरवर न्यायचा. पॅकिंग: घोडीच्या पायांच्या जागा पाटावर कागदी टेपने खुणावून घ्या, तारा दोन-तीन स्वर उतरवा (पूर्ण नाही!), टेलपीसखाली (तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात त्या तुकड्याखाली) जाड फडकं, घोडीच्या दोन्ही बाजूंना फोम. बो स्वतःजवळ. जुन्या बोच्या टोकाला हस्तिदंत असेल तर तो परदेशी नेऊच नका, कस्टम्स ठेवून घेऊ शकतं.

म्हणूनच बरेच फिरते जाझवाले बास नेतच नाहीत. आयोजकाला यादी पाठवतात: तीन-चतुर्थांश मापाचं वाद्य, तारांची उंची इतकी, अमुक जातीच्या तारा, पिकअप, अँप. बरोबर फक्त बो, राळ आणि छोटा पाना. अनोळखी वाद्य तासाभरात आपलंसं करणं हे यातलं खरं कसब. मैफली ऐकताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मांडवीकाठ

इथला धागा थोडा इथला करतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले वादक मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि मग हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले. त्यातल्या काहींच्या वाट्याला डबल बास आला. तिथलं काम वेगळं होतं. एकाच माइकभोवती सगळे असताना बास आणि डग्गा एकमेकांना गिळतात, दोघांचा गुंजारव एकाच पट्ट्यात पडतो. उपाय असा की बासने तार छेडून लगेच डाव्या हाताने दाबून बंद करायची, आणि जिथे डग्ग्याची मींड आहे तिथे बासने गप्प बसायचं. पुढे बास गिटार आली आणि नंतर कीबोर्ड. मोठं वाद्य स्टुडिओतून गेलं, त्यासाठी लागणारी समजही बरीच गेली. हे माझं मत, भांडायला तयार आहे.

आज मुंबईत पूर्णवेळ नोकरी म्हणाल तर २००६मध्ये एनसीपीए या कलाकेंद्रात सुरू झालेली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, तिथेही बरेच वादक परदेशातून येतात. बाकी सगळे मिसळून कमावतात: शिकवण्या, जाझ, लग्नं, चर्च, रेकॉर्डिंग, बास गिटार. फक्त डबल बासवर घर चालवायचं तर पासपोर्ट लागतो.

खर्जातला

एक मुंबईकर विसरलात. झुबिन मेहता १९५४ साली व्हिएन्नाला गेले तेव्हा तिथे त्यांचं वाद्य डबल बास होतं. कंडक्टर व्हायचं तर बासच्या रांगेतून सगळी ऑर्केस्ट्रा दिसते, ऐकूही येते.

यावरून छंदांकडे येतो. जुना बासवादक द्रागोनेत्ती घ्या. व्हेनिसमध्ये १७६३ला जन्म, १७९४ला लंडनला गेला तो १८४६पर्यंत तिथलाच. १७९९मध्ये व्हिएन्नात बीथोवनची चेलो सोनाटा त्याच्यासमोर बासवर वाजवून दाखवली. वय ८२ असताना, १८४५ला, बॉनमध्ये बीथोवनच्या पुतळ्याच्या उत्सवात बासच्या रांगेचं पुढारपण केलं. आणि घरात? चित्रं, जुनी वाद्यं, ऑपेरांच्या प्रतींचा ढीग (तो पुढे ब्रिटिश म्युझियमला गेला), शिवाय बाहुल्या. मानधनाच्या वाटाघाटीत पक्का व्यापारी होता, म्हणून हे सगळं परवडलं.

दुसरा इटालियन बासवादक बोत्तेसिनी. त्याने बास घेतला कारण १८३५ला मिलानच्या कॉन्झर्व्हेटरीत फुकट शिक्षणाच्या जागा फक्त बसून नावाच्या फुंकवाद्यासाठी आणि डबल बाससाठी शिल्लक होत्या. पुढे ऑपेराच्या मध्यंतरात त्याच ऑपेराच्या चालींवर स्वतः रचलेल्या फँटसी वाजवायचा. १८७१ला कैरोत व्हेर्दीच्या ‘आइदा’ या ऑपेराचा पहिला प्रयोग त्यानेच चालवला.

वाकडी_वाट

जाझवाले मिल्ट हिंटन राहिले. कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये १९३६ ते १९५१ बास वाजवला, आणि सगळा वेळ गळ्यात कॅमेरा. ६०,०००हून जास्त फोटो. काळ्या वादकांना वेगळ्या दारातून, वेगळ्या हॉटेलात जावं लागायचं, तेही त्यात आहे. बाहेरच्या फोटोग्राफरला बसमध्ये झोपलेला बँड कधी दिसणार?

आणि जाझ बासवादक चार्ल्स मिंगस यांनी मांजराला कमोड वापरायला कसं शिकवावं यावर पत्रक छापून विकलं होतं. पायऱ्यांसकट: खोक्यात फाटलेले कागद, खोकं रोज थोडं संडासाच्या जवळ, मग कडा कापत कापत बारीक, मग मधे भोक. घाई केली तर मांजर बिथरतं, असंही बजावलंय. बास शिकवणाऱ्या पुस्तकांपेक्षा स्पष्ट.

तिरकी_घोडी

संग्राहकांना एक थंड पाण्याचा हबका. कुसेवित्स्की (बोल्शॉयच्या ऑर्केस्ट्रात बासवादक, मग १९२४ ते १९४९ बोस्टन सिंफनीचे कंडक्टर) यांचा बास अमाती (इटलीतलं जुनं नामांकित कारागीर घराणं) म्हणून प्रसिद्ध होता. तो पुढे बासवादक गॅरी कार यांच्याकडे आला. पाटाच्या लाकडातली वर्षवलयं मोजल्यावर ते झाड अमाती बंधूंच्या कितीतरी नंतरपर्यंत उभं होतं असं निघालं. वाद्य तेच, आवाज तोच. बासच्या बाबतीत आत चिकटवलेल्या कारागिराच्या नावाच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये. शतकानुशतकं कापून, जोडून, तीन तारांचे चार करून वापरलेली वाद्यं आहेत ही.

नवखा_४१हर्ट्झ

सगळ्यांचे आभार. मुंबईत राहतो, सुरुवात करायची आहे. जुना प्लायचा बास मिळतोय, कोरीव लाकडाचा तिप्पट किमतीला. कोणता?

तिरकी_घोडी

पावसाळ्याच्या गावात पहिला बास प्लायचाच. आवाज थोडा बोथट, पण पाट फाटत नाही. बघायला जाल तेव्हा: मानेचा पेटीशी सांधा, तिथे रेघ दिसली तर परत या. ओल्या पांढऱ्या कापसाने फिंगरबोर्ड पुसा. काळं आलं तर ते आबनूस नाही, रंगवलेलं लाकूड आहे, लवकर खाचा पडतील. चारही तारांवर प्रत्येक अर्धस्वर सावकाश वाजवा. ठरावीक स्वरालाच खरखर आली तर फिंगरबोर्ड रंधा मागतोय, होण्यासारखं काम आहे. सगळीकडे आली तर प्लायचे थर सुटलेले असू शकतात, नको. पिन बाहेर काढून वाद्यावर भार द्या, घसरते का बघा. मोबाईलचा दिवा पेटवून एफच्या भोकातून आत डोकवा: साउंडपोस्ट उभा आहे का, सरळ आहे का.

किमतीखेरीज नव्या तारा आणि घोडी-उंचीच्या कामाचे पैसे बाजूला काढा. स्टीलच्या चांगल्या तारांचा संच सहज पंधरा-वीस हजारांच्या पुढे जातो. विकणारा ‘तारा नव्याच आहेत’ म्हणाला तर खुंटीजवळचं रेशीम बघा. उसवलेलं असेल तर त्या आधी दुसऱ्या बासवर होत्या.

राळबंद

आणि राळ कार्लसन. पॉप्स नको, तुम्ही मुंबईत आहात.